खटावकरांच्या टीव्हीतला आवाज

बस इथं, तुला परवाची गोष्ट सांगतो. माझं अजून डोकं चालेना. मी टेलिफोनचा लाइनमन. आपल्या शेजारच्या अंबूमावशींच्या बिनवायरच्या फोननं टीव्हीत खरखर होते, अशी खटावकरांनी लेखी तक्रार दिली. तो फोन लेकानं मस्कतहून आणलेला, मंजुरीचा शिक्का नाही. असला फोन काढून न्यायचा, असा नियम. पण मावशींचे गुडघे गेलेले, खाटेवरून बोलायला तेवढंच साधन.

आधी खरखर बघावी म्हणून मी खटावकरांच्या टीव्हीपुढं बसलो. चित्र हाललं आणि टीव्हीतून मावशींचाच आवाज आला. लेकाशी बोलत होत्या. “माझी काळजी करू नको रे. खटावकरांची सून रोज गरम ताट आणून देते.”

खटावकरांनी सुनेकडं बघितलं. “तू देतेस?”

“नाही, मामंजी.” ती उठली, ताट वाढलं अन् शेजारी गेली.

खटावकर मला म्हणाले, “कसली खरखर? आम्हाला काही त्रास नाही. फाडा तो अर्ज.”

पण अर्ज साहेबांकडं गेलेला, ते रिपोर्ट मागतायत. तू शिकलेला आहेस, बाबा. खोटंही नको आणि मावशींचा फोनही जायला नको, असा रिपोर्ट तेवढा लिहून दे.