दहा किलो गहू

बावन्नाव्या वर्षी गुणाजीच्या डोक्यात सांदण दरीच्या एका दिवसाच्या ट्रेकचं खूळ शिरलं. तेव्हापासून साहेब रोज सकाळी घरातले दहा किलो गहू सॅकमध्ये भरून बोरिवलीतल्या आपल्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगचे चार मजले दहादा चढायचे-उतरायचे आणि घामेजलेला फोटो ग्रुपवर टाकायचे.

“खालीच गिरणी आहे. जाता जाता दळण तरी टाका,” बायको अनुपमा म्हणाली.

“ट्रेनिंगमध्ये घरकाम घुसवू नकोस गं.”

तीन महिन्यांत गव्हाचा ट्रेक झाला, पीठ काही झालं नाही. अनुपमा विकतचं पीठ मळत राहिली.

ट्रेकच्या आदल्या दिवशी त्याने भरलेली सॅक तिच्यापुढे ठेवली.

“जा, आता आण दळून. मला उद्यासाठी पाय जपायला हवेत.”