खालची कडी

रत्नदीप चादर वाळत घालायला गॅलरीत गेला आणि त्याच्या मागं तीन वर्षांच्या यशूनं खेळता खेळता दाराची कडी खट्कन लावली. आत ती एकटीच होती, गॅसवर दूध होतं आणि मोबाइलही आतच राहिला होता. बायको ड्यूटीवर गेलेली.

"यशू, दार उघड!" त्यानं दार बडवलं, तशी यशू घाबरून रडायला लागली आणि तिची पावलं आत लांब गेली. एवढ्यात दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला. शेगडी विझली तर गॅस घरभर पसरेल. तिसऱ्या मजल्यावरून त्यानं हाका मारल्या, पण सोलापूरच्या भर दुपारी खाली चिटपाखरूही नव्हतं.

मग तो तापलेल्या फरशीवरच बसला आणि दाराला तोंड लावून जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाला, "यशूबाई, इकडं ये बरं. खालची कडी दिसती का? ती टीव्हीकडं ओढ."

"घट्ट हाय."

"दोन्ही हातांनी ओढ की, बाळा."

कडी खुडबुडली, थांबली, परत खुडबुडली आणि दार उघडलं. रत्नदीप धावत आत गेला. गॅस बंद करून त्यानं खिडक्या उघडल्या आणि यशूला उराशी धरून तिथंच मटकन बसला. आता मात्र त्याला रडू आवरेना.

यशूनं फ्रॉकच्या टोकानं त्याचे डोळे पुसले.

"रडू नका, पप्पा. परत कुणी कोंडलं तर मला हाक मारा."