बघू तरी

लॉन्ड्रीच्या नव्या मॅनेजरबाई सकाळी बाह्या सरसावून आत आल्या आणि थेट इस्त्रीवालीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"सरका जरा. आज मीही करते."

इस्त्रीवाली सरकली. पलीकडच्या टेबलावरून मावशीने तिला डोळ्यांनी खुणावलं. ही बाई आपला वेग बघायला आलीय, असं मावशीचं ठाम मत होतं. उद्या म्हणेल, मला जमतं, मग तुम्हाला का नाही? इस्त्रीवालीलाही तेच वाटत होतं. नाहीतर पंख्याखालची खुर्ची सोडून या भट्टीत कोण मरायला येईल?

बाईंचा हात काही सराईत नव्हता. हॉटेलच्या पांढऱ्या चादरी तिरक्या जात होत्या. तरी त्यांची विचारपूस चालूच. उभं राहून पाय भरून येतात का? पाणी प्यायला मधे जाऊ देतात का?

"बरं चाललंय मॅडम," इस्त्रीवाली दर वेळी एवढंच म्हणायची. जास्त बोलून कुणाचं भलं झालंय?

चादर ओढता ओढता बाईंचा हात टेबलामागच्या वाफेच्या नळीकडे गेला. तिच्या सांध्यातून वाफ सुटायची. तिथे कुणीच हात नेत नसे. 'जपून' हा शब्द इस्त्रीवालीच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला. बघू तरी.

बाई कळवळल्या. मनगट लालबुंद झालं. इस्त्रीवालीने धावत जाऊन बादली आणली आणि त्यांचा हात पाण्यात धरला.

"ही नळी गळते, हे माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग सांगितलं का नाही कुणी?"

मावशीने मान खाली घातली. इस्त्रीवाली हळूच म्हणाली, "एकाने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं."

बाई ओल्या हातानेच उठल्या, दारापाशी उभ्या असलेल्या बॉयलरवाल्याला वाफ बंद करायला सांगितलं. बॉयलरची घरघर थांबली.

"नळी दुरुस्त होईपर्यंत काम बंद. कुणाचा खाडा लागणार नाही."

मग ऑफिसातून एकेक स्टूल त्यांनी धड हाताने ओढत आणलं. "बसा."

कुणी बसेना. सगळ्या टेबलांवरच्या बायका एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. अखेर इस्त्रीवाली बसली. अगदी कडेवर, एक पाय दाराच्या दिशेने ठेवून.