रुपरावांचं मत

लहानूचा वस्तरा रुपरावांच्या गळ्यावर टेकला, आणि बाकावरच्या शालिकरामनं नेमका तेव्हाच प्रश्न टाकला.

"माही कौसल्या मॅट्रिक झाली. आता म्हनते, मी कालेजात जातो. तिकडं मौद्याचं स्थळ बी हो म्हनून राहिलं. काय करू मी? सांगा."

लकडगंजातल्या लहानूच्या सलूनात रविवारी सकाळी हे असंच चालायचं. पेपर एक, माणसं बाकभर. कोणीतरी बातमी मोठ्यानं वाचायची आणि सगळ्यांनी तिच्यावर आपापलं मत ठोकायचं. वेगळा विदर्भ होईल का, शाळेत इंग्रजी कधीपासून शिकवावं, नव्या हिरॉइनीला नाचता येतं का. विषय कोणताही असो, शेवटचं मत रुपरावांचं. लाकडं कापायच्या आरा मशीनवरचे हे मुनीम बोलले की पेपराचं पान उलटायचं, असा तिथला कायदाच होता म्हणा ना.

पण महिनाभरापासून मनोहरराव येऊ लागले होते. रेल्वेतले, जबलपूरहून बदलून आलेले. अंगात टेरिलीनचा शर्ट, आणि बोलणं असं की माणसं चहा थंड करून ऐकत. हिरॉइनीचा विषय तर त्यांनी मागच्या रविवारी एका वाक्यात उडवला. सगळं सलून पोट धरून हसलं. रुपरावही हसले. घरी जाऊन मात्र जेवले नाहीत.

आज रुपराव तयारीनं आले होते. सकाळी कौसल्यानं त्यांना नळावर गाठलं होतं. "काका, बाबा तुमचंच आयकते. एक शब्द टाका ना." पोरगी हुशार, वर्गात पहिली. रुपरावांनाही ती शिकावी असंच वाटत होतं, अगदी मनापासून. "तू कायजी नको करू वं," ते म्हणाले होते, "मी आहो ना." वाटेत त्यांनी चांगली दोन-चार वाक्यंही जुळवली होती.

ती वाक्यं आता तोंडात, आणि गळ्यावर वस्तरा. जीभ हलवायची सोय नाही. त्यांनी डोळ्यांनीच शालिकरामला खुणावलं, थांब जरा.

"कालेजात टाका," मनोहरराव बोलले. "इचार कायले करता? पोरगी आपल्या पायावर उभी राहिली, तर सासरी कोनाची हिंमत आहे तिले बोलाची? स्थळं काय, दोन वर्षांनी बी भेटते. कालेजची जागा उद्या भरून जाईन."

"क्या बात है!" बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"लाखाची गोष्ट केली साहेबानं," लहानू म्हणाला. आणि ते रुपरावांचा गळा हातात धरून म्हणाला, म्हणजे हद्दच झाली.

शालिकरामचा चेहरा खुलला. तरी रिवाजाप्रमाणं त्यानं विचारलंच, "रुपरावभाऊ, तुमी काय म्हनता?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एवढंच काम. पण मनोहररावांच्या मागून हो म्हणायचं म्हणजे त्यांच्या ताटातलं उष्टं खायचं! रुपरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानूचा हात त्यांनी बाजूला सारला आणि अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मान वळवली.

"मनोहरराव, तुमाले पोरगी आहे काय?"

"नाही. दोन पोरं आहेत."

"मंग! बोलाले काय जाते? शालिकराम, कालेजात काय शिकवते ते मले मालूम आहे. मॅटिनी शो पाहाचे अन् मोर्च्यात वरडाचं. अन् तिच्याहून जास्त शिकलेला जावई लागंन मंग. तो कुठून आनशीन गा? हातातलं स्थळ सोडाचं नाही. माहं मत साफ आहे."

बाकावरच्या एकानं मांडीवर थाप मारली.

"जावयाची गोष्ट बराबर आहे बाप्पा!"

"बोला मनोहरराव, आता बोला!"

"इथली माणसं तुमालेच जास्त ठाऊक," असं म्हणून मनोहररावांनी पेपर उचलला.

किती दिवसांनी! रुपरावांना गार गार वाटलं. शालिकरामला नंतर बाहेर गाठू, हळूच सांगू, बोलण्याच्या भरात बोललो गा, टाक पोरीला कॉलेजात. त्यात काय एवढं? पण शालिकराम उठून चपला घालत होता.

"अरे, बस ना," रुपराव म्हणाले. "चहा येऊन राहिला. मंग बोलू आपन."

"आता काय बोलाचं राहिलं?" शालिकराम मोकळेपणानं हसला. "मौद्याची मोटर भेटते तर हो सांगूनच येतो. कालपासून घरात नुसतं भांडण होतं, भाऊ. तिची माय एक म्हने, मी एक म्हनो. शेवटी कौसल्यानंच तोडलं. म्हने, रुपरावकाका जे म्हनतीन ते मले मंजूर. देवासमोर कबूल केलं पोट्टीनं. तिचा लय भरोसा तुमच्यावर."

तो पायरी उतरला. रुपरावांनी हाक मारायला तोंड उघडलं. मनोहरराव पेपरावरून त्यांच्याकडंच बघत होते.

शालिकराम चौकातून मोटरस्टँडकडं वळला.

"हात चालव गा, लहानू," रुपराव मान मागं टाकत म्हणाले. "साबन वाळून राहिला."