ओळन् ओळ

शेती आणि कॉम्प्युटर असा जोड अभ्यासक्रम शिकताना मी तण उपटणारं मशीन तयार केलं. रोपांचे हजारो फोटो दाखवून, ‘हे पीक, हे तण’ असं त्याला एकटीने शिकवलं. गाइड सरांनी त्यातला एकही फोटो उघडून बघितला नाही. प्रदर्शनाच्या फलकावर मात्र नाव फक्त त्यांचंच.

मी विचारलं तर म्हणाले, “अगं, तू नुसतं क्लिक करत होतीस. डोकं माझं आहे.”

मी लॅबमध्ये जाऊन आणखी थोडं क्लिक केलं.

प्रदर्शनात सरांनी छाती फुगवून पाहुण्यांना सांगितलं, “प्रोग्रामची ओळन् ओळ मी स्वतः लिहिली आहे!” आणि मशीन सोडलं थेट आपल्या वाफ्यात. तिथे त्यांनी उभ्या नोकरीत तयार केलेला गव्हाचा एकुलता एक वाण होता. मशीनने गवताच्या पात्यालाही धक्का लावला नाही. गव्हाचं रोपन् रोप मुळासकट उपटलं.

सर लालबुंद होऊन माझ्याकडे वळले. त्यांच्यामागून सगळे पाहुणेही वळले.



मी अगदी नम्रपणे विचारलं, “सर, तुमची कुठली ओळ चुकली हो?”