दहा मिनिटांची लढाई

दिवे मालवले तशी मनुबाईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. तासगावच्या पत्र्याच्या थिएटरात ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती, तीही एकटी. तिची अकरा वर्षांची बनू चार दिवस याच सिनेमासाठी हट्ट धरून बसली होती. वर्गातल्या सगळ्या पोरींनी तो पाहिला होता. त्यात जंगलात हरवलेली राजकन्या होती, बोलणारा पोपट होता. पण त्याआधी दहा मिनिटं लढाईची चित्रं दाखवतात, हे कळल्यापासून मनुबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. बनूचा बाप नाथाजी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. पोरीला न्यावं की नाही, ते आधी स्वतः बघून ठरवायचं म्हणून ती आली होती.

पडद्यावर दाट झाडी आली, चिखल आला. ओझ्यानं वाकलेली खेचरं आली. काही शिपाई उकिडवे बसून चहा पीत होते. मग दोघांनी एका माणसाला कापडी खाटेवर घालून उचललं. त्याचं डोकं पट्ट्यांनी गुंडाळलेलं होतं आणि एक हात खाली लोंबत होता.

मनुबाईनं डोळे मिटून घेतले. गाणं ऐकू आलं तेव्हाच उघडले. राजकन्या झोक्यावर बसली होती. मनुबाई तशीच उठली आणि दाराशी आली.

दाराशी दगडाबाई तिकिटं फाडायची. प्रत्येक सिनेमा तिनं दहा-दहा वेळा पाहिलेला, त्यामुळे गावातल्या आया पोरांना आणण्याआधी तिलाच विचारत. मनुबाईनंही विचारलं.

"तुझी बनू व्हय?" दगडाबाई म्हणाली. "तिला आण, पर पयली दहा मिंटं माझ्यापाशी भाईर बसीव. राजकन्या आली की आत सोडती मी. शिनेमा लय चांगला हाय, त्यात वंगाळ कायबी न्हाई."

मनुबाईला ते पटलं. घरी येऊन तिनं बनूला तसंच सांगितलं.

बनू जोंधळे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मला तीच दहा मिंटं बघायची हायती."

"कशापायी? आबा दिसत्याल म्हून? आगं, हजारो मान्सं असत्यात तितं."

"न्हाई दिसलं तर न्हाई. पर ते कसल्या जागी हायती, ते तर दिसंल?"

"मी सांगते की. खुशाल हायती ते."

"तू रोज खुशाल म्हंतीस आन् म्हंताना माझ्याकडं बगत न्हाईस." बनूचा आवाज चिरकला. "मग मीच बगत बसते, डोळं मिटून. त्यात आबा येकलंच असत्यात. कुनी म्हंजी कुनी नसतंय तितं."

मनुबाई चुलीकडे गेली, लाकूड आत सारलं, परत आली. मग पोरीच्या समोर मांडी घालून बसली आणि तिनं पडद्यावर जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. झाडी सांगितली, खेचरं सांगितली. खाटेवरचा माणूसही सांगितला. सांगताना तिनं बनूच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही.

"फुडं काय झालं?" बनूनं विचारलं.

"फुडचं मी बगितलंच न्हाई," मनुबाई म्हणाली. "भ्या वाटलं मला."

बनू आईकडे बघत राहिली. तीन महिन्यांत आई पहिल्यांदाच असं काही बोलली होती.

रविवारी दोघी आल्या. दगडाबाईनं बनूसाठी दाराशी घोंगडं अंथरून ठेवलं होतं. मनुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. आमी दोगीबी आतच बसतो."

झाडी आली, चिखल आला. खाटेवरचा माणूस आला तेव्हा बनूनं मोठ्यानं विचारलं, "आये, ह्यो जगला का?"

पुढच्या बाकांवरच्या बायका वळल्या. मनुबाईनं या वेळी डोळे उघडे ठेवले होते.

"ठावं न्हाई गं. पर त्याला टाकून न्हाई कुनी गेलं, बग."

मग मनुबाईनं मागच्या वेळी न पाहिलेलं आलं. ओढ्यावर दहा-बारा शिपाई आंघोळ करत होते. एकाच्या डोळ्यात साबण गेला होता आणि तो हात पुढे करून तांब्या चाचपडत होता. दुसरा तो तांब्या हळूच पलीकडे सरकवत होता. बनू खुदकन हसली. मग सगळ्याच बायका हसल्या आणि मनुबाईला एकदम रडू फुटलं. हसण्याच्या गलक्यात ते कुणाला कळलं नाही.

पोपट बोलायला लागला तशी बनू उठली.

"कुटं निगालीस?" दारातून दगडाबाई म्हणाली. "आत्ता तर राजकन्या हरवायची हाय!"

"हरवू दे," बनू म्हणाली. "मला आबास्नी पत्र लिवायचंय."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बनू पुढे, मनुबाई मागे, अशा दोघी झपझप घराकडे निघाल्या. तिकडं ओढा आहे का? आबांच्या जोडीला कोण कोण आहे? त्यातलं आपल्याकडचं कुणी आहे का? रात्री हुडहुडी भरली तर एकमेकांची घोंगडी घेतात का? बनू चालता चालता बोटांवर प्रश्न मोजत होती आणि प्रत्येक वेळी मागे वळून आईला विचारत होती.

"मला ठावं न्हाई," मनुबाई म्हणत होती. "हेबी लिव."