पिशवीतला ओलावा

जपानमधल्या कोची शहरात जूनची दमट हवा सुरू झाली, तसं कियोताकाने आपल्या माणसाएवढ्या सिलिकॉनच्या बाहुलीला धुऊन पुसलं, पावडर लावली आणि पारदर्शक पिशवीत घालून कपाटात टांगलं. दमटपणाने ती चिकट होऊ नये, बुरशी धरू नये, याची त्याला फार काळजी. बायको गेल्यापासून घरात बोलायला तीच होती.

सकाळी पिशवीला आतून, बाहुलीच्या तोंडापाशी, वाफेचा एक गोल डाग दिसला. त्याने तो पुसला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच होता.

दुपारी धाकटी बहीण नोबुए आली, तिला त्याने तो दाखवला.

"ओलीच कोंबली असशील, दादा," ती हसली. "स्वतःचे मोजे वाळत घालायचा कंटाळा आणि हिचे एवढे लाड!"

"हात लावून बघ गं."

बाहुली कोरडी ठणठणीत होती.

"मग हिला बाहेर बसव," नोबुए म्हणाली.

दोघांनी बाहुलीला खुर्चीत बसवलं. नोबुएने पिशवी आतून पुसली, धूळ जाऊ नये म्हणून चेन लावली आणि रिकामीच परत टांगली. मग दोघं चहा प्यायले.

कप धुवायला उठलेली नोबुए कपाटापाशीच थबकली.

"दादा, इकडे ये."

रिकाम्या पिशवीवर, त्याच उंचीवर, वाफेचा गोल उमटला होता. दोघांच्या डोळ्यांदेखत तो आक्रसला आणि हळूच पुन्हा पसरला.

नोबुए किंचाळली. तसा तो भेदरल्यासारखा भराभर आक्रसू-पसरू लागला.